तिन्हीसांजेची वामकुक्षी

आमच्या घरात दोन नियम आहेत. दुपारच्या जेवणानंतर मी तासभर डाव्या कुशीवर आडवा होतो, हा पहिला. आणि तिन्हीसांजेला कोणीही अंथरुणाला पाठ टेकायची नाही, हा दुसरा. पहिला माझा, दुसरा सौभाग्यवतींचा. पुण्यात सदतीस वर्षे हे दोन्ही नियम एकमेकांच्या वाटेला न जाता सुखाने नांदले, कारण दुपार आणि तिन्हीसांज यांच्यात पुरेसे अंतर राखण्याची जबाबदारी सूर्याने स्वतःकडे घेतली होती. गेल्या डिसेंबरात नाताळ पाहायला म्हणून लेकीकडे स्टॉकहोमला गेलो आणि त्याने ती झटकून टाकली.

स्टॉकहोम ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य निरुपद्रवी वाटले होते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर चढतो आणि केवळ तोंड दाखवायला लग्नाला आलेल्या पाहुण्याप्रमाणे, पंगतीला न थांबता, तीन वाजायच्या आत निघून जातो. आम्ही जेवून उठतो दीड वाजता. आवराआवर, औषधाची गोळी आणि बडीशेप उरकून मी पांघरुणात शिरेपर्यंत सव्वादोन होतात. पहिल्या दिवशी नुकता कुठे डोळा लागला होता, तोच हाक आली, "अहो, उठा! दिवेलागण झाली!"

मी घड्याळ दाखवले. तीन वाजायला दहा मिनिटे होती. आपले शरीर अजून पुण्याच्याच वेळेवर चालते आहे, असा बिनतोड वाटणारा युक्तिवादही केला. "पुण्यात आत्ता सव्वासात वाजून गेलेत," सौभाग्यवती म्हणाल्या, "तिथेही दिवेलागण झालेलीच आहे." साडेचार तासांचा हा फरक असा उलटेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. जेवणाआधी झोपून घ्या, असा तोडगा लेकीने सुचवला. पण जेवणाआधीच्या झोपेला वामकुक्षी म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

दुर्दैवाने सारे शहर सौभाग्यवतींच्या बाजूचे निघाले. तिथे नाताळच्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक खिडकीत विजेच्या सात मेणबत्त्यांची त्रिकोणी दिवटी ठेवतात, नाहीतर कागदाची मोठी चांदणी टांगतात, जिला आमच्या पेठेतला कोणीही माणूस आकाशकंदीलच म्हणेल. "बघा, परक्या मुलखात माणसे वेळेवर दिवा लावतात," हे वाक्य मी रोज ऐकले. १३ डिसेंबरला तर लुसियाच्या सणासाठी पांढऱ्या झग्यातली एक मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून गात आली. ज्या देशात दिवा चक्क डोक्यावर घेतात, तिथे माझी बाजू कोण ऐकणार?

झोप लागू नये म्हणून मला रोज दोन वाजता बाहेर काढण्यात येऊ लागले. गामला स्तान या जुन्या पेठेच्या चौकातला नाताळबाजार मी उभ्याने पेंगत पाहिला. स्कान्सेन या खुल्या संग्रहालयातला बाजार १९०३ पासून भरतो, असे लेकीने सांगितले, तेव्हा मी एका खांबाला टेकलो होतो. तिथे ग्लग नावाची गरम, गोड, मसालेदार वाइन छोट्या कपात बेदाणे आणि बदाम घालून देतात. वेलची, दालचिनी, लवंग अशी सामग्री ऐकून सौभाग्यवतींनी तिला सर्दीचा काढा ठरवले आणि बिनदारूचा प्रकार मागवला. काढा उत्तम होता. मात्र पोटात ऊब गेल्यावर माणसाला काय होते, हे सांगायला नको.

२४ तारखेला लेकीच्या शेजाऱ्यांनी जेवायला बोलावले. स्वीडनमध्ये खरा सण आदल्या दिवशीचाच. हेरिंग मासे आणि डुकराचे मांस यांना वळसा घालून आम्ही बटाट्यांपाशी पोहोचलो, आणि मग आली दुधात शिजवलेल्या तांदळाची दालचिनी भुरभुरलेली खीर. तिच्यात एकच बदाम लपवतात. तो ज्याला मिळेल त्याचे वर्षभरात लग्न होते, असा समज आहे. तो मला मिळाला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे काही पाहिले, की मी तो न चावताच गिळला.

दुपारी भात म्हटल्यावर माझ्या पापण्या ऐकेनाशा झाल्या. तीन वाजता सगळे घर टीव्हीसमोर बसले. १९६० पासून दर वर्षी याच दिवशी तिथे डोनाल्ड डकचा तोच कार्यक्रम दाखवतात. बदकाला ते कॅले आन्का म्हणतात आणि पुढचे संवाद पोराटोरांपासून सर्वांना पाठ असतात. बाहेर पक्की तिन्हीसांज होती, खिडकीत सात दिवे तेवत होते. अचानक कोपऱ्यातल्या खुर्चीतून संथ, भारदस्त घोरणे ऐकू आले. शेजाऱ्यांचे वडील, ऐंशीच्या घरातले आजोबा, हनुवटी छातीला टेकवून गाढ झोपले होते. आजीबाईंनी पडद्यावरची नजर न हलवता त्यांच्या गुडघ्यांवर लोकरी शाल पसरली.

मी मोठ्या आशेने सौभाग्यवतींकडे पाहिले. त्यांनीही आजोबांकडे पाहिले, आजीबाईंकडे पाहिले, क्षणभर विचार केला आणि माझ्या हातात काळ्या कॉफीचा मोठा मग ठेवला.