चष्मा आजचा नाही, त्यांचाच आहे

नमस्कार. तुमची सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की राजा आर्थरचा नाइट (घोडेस्वार सरदार) लान्सलॉट आणि आर्थरची राणी ग्विनेव्हिअर यांच्या प्रेमकथेवर लिहिताना मी आजचा चष्मा लावला. त्या काळचे नाइट स्त्रीच्या शब्दासाठी जीव ओवाळून टाकायचे, त्या प्रेमात व्यवहार नव्हता, आणि आपण त्याची टिंगल करू नये.

टिंगल मी केली हे खरं. पण सुरुवात माझी नाही. ११८०च्या आसपास क्रेतियाँ द त्रोआ या कवीने फ्रेंचमध्ये लान्सलॉटची कथा रचली, तेव्हाच ती करून ठेवली आहे. पळवून नेलेल्या राणीचा माग हवा तर गुन्हेगारांची धिंड काढतात त्या गाडीत बस, असं एक बुटका गाडीवान लान्सलॉटला सांगतो. हा दोन पावलं चालेपर्यंत कचरतो, मग चढतो. पुढे तलवारीच्या धारेचा पूल उघड्या हातापायांनी ओलांडतो, रक्तबंबाळ होतो. आणि राणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही! का? तर ती दोन पावलं. नंतर भर स्पर्धेत ती त्याला वाईटात वाईट लढायला सांगते, तो निमूट तसं लढतो आणि लोक त्याची हुर्यो उडवतात. हे लिहिणारा गालात हसत नव्हता, असं मला तरी वाटत नाही. विषय आणि त्याचा रोख त्याची आश्रयदाती काउंटेस मारीने दिला, हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, आणि शेवट दुसऱ्याच्या हातून पुरा झाला. यातून काय समजायचं ते तुम्ही ठरवा.

आर्थरचे नाइट स्त्रियांच्या रक्षणाची शपथ घेतात, तिचा दाखला तुम्ही मॅलरीच्या पंधराव्या शतकातल्या ‘ल मॉर्त दार्थर’ या इंग्रजी पुस्तकातून दिलात. शपथ आहेच, आणि सुंदर आहे. पण तिच्या आधीची पानं उलटून बघा. आर्थरच्या लग्नातच मोहिमा निघतात. आर्थरचा भाचा गवेन शरण आलेल्या नाइटला अभय नाकारतो, तलवार उगारतो, तेवढ्यात त्या नाइटची प्रेयसी मध्ये झेपावते आणि तिचंच मुंडकं उडतं. ते गळ्यात अडकवून तो दरबारात येतो. दुसरा नाइट पेलिनोर तर जखमी प्रियकराला कवेत घेऊन मदतीसाठी टाहो फोडणाऱ्या बाईला ओलांडून पुढे जातो, कारण त्याला घाई असते. ती जीव देते. मागाहून कळतं, ती त्याचीच मुलगी होती. हे सगळं झाल्यावर शपथ येते, तीही मोडल्यास मरणाची शिक्षा अशी. मला तरी ती आदर्शापेक्षा बंदोबस्तासारखी वाटते. मॅलरी स्वतः नाइट होता आणि हे त्याने कैदेत लिहिलं. कोणाला कशाचा धाक लागतो, हे त्याला शिकवायला नको होतं.

राहिली मॅलरीच्याच पुस्तकातली, ॲस्टोलॅट गावची एलेन. लान्सलॉटवरच्या एकतर्फी प्रेमात ती मरते आणि चिठ्ठी हातात धरलेलं तिचं शव थेम्समधून होडीने दरबारापाशी येतं. तुम्ही तिला निरपेक्ष प्रेमाची मूर्ती म्हणता. मला त्या प्रसंगात लान्सलॉटचं बोलणं जास्त पटतं. प्रेम मनातून उमलायला हवं, बळजबरीने नाही, असं तो सगळ्यांसमोर सांगतो आणि आर्थरही त्याला दुजोरा देतो. यात आजचं काय आहे? आणि त्या प्रेमात व्यवहार नव्हता म्हणता, तर एलेन हयात असताना याच लान्सलॉटने तिला देऊ केलं होतं, की दुसऱ्या कुणा चांगल्या नाइटशी लग्न केलंस तर वर्षाला हजार पाउंड देईन.