पहिलं अक्षर काढताना

सर म्हणाले, आलेखाखाली तालुक्यांची नावं एकमेकांवर चढलीयेत, नुसतं पहिलं अक्षर टाक. जळगाव जिल्ह्यात तालुके १५, म्हणजे अक्षरं पण १५, मला वाटलं चहा गार व्हायच्या आत उरकेल. चहा कसला भो, रात्री लाईट दोनदा जाऊन आली तरी मी तिथंच.

आमचं सगळं काम आरमध्ये चालतं. ही आकडेमोडीची आणि आलेख काढायची संगणकाची भाषा ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी बनवली, दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर आर म्हणून भाषेचं नाव पण आर (आधीची एस नावाची भाषा होती, तिचा पण हात आहे त्यात). म्हणजे बघा, जिचं बारसंच पहिल्या अक्षरावरून झालं ती मला पहिलं अक्षर देईना! 'भुसावळ' पुढे चौकटी कंसात १ टाकला तर अख्खं भुसावळ परत. तिच्या लेखी तो एकच नग.

मग आरमधलंच स्ट्रस्प्लिट नावाचं फंक्शन सापडलं. रिकामी अवतरणचिन्हं दिली की शब्दाचे तुकडे पाडतं. पाडले, परत १ टाकला, तर पहिल्या अक्षराऐवजी तुकड्यांचा सगळा गठ्ठाच हातात. तेवढ्यात नाना केळीला पाणी देऊन आले, "काय करी ऱ्हायना रे?" मी रडगाणं गायलो. ते पाय पुसत पुसत म्हणाले, घडातून डायरेक केळं हातात येतं का, आधी फणी काढ ना. आणि खरंच तसंच होतं हो, स्ट्रस्प्लिट लिस्ट देतं, म्हणजे गठ्ठे ठेवलेली पेटी, दुहेरी चौकटी कंसात १ म्हणजे फणी, मग एकेरी चौकटी कंसात १ म्हणजे केळं. (सबस्ट्र नावाच्या दुसऱ्या फंक्शनला १ ते १ सांगितलं की हेच काम एका ओळीत होतं आणि सगळ्या कॉलमचं एकदम होतं, हे सकाळी कळलं. असो.)

केळं आलं, पण सोललेलं. भुसावळचा नुसता 'भ', उकार गायब. अक्षरं मोजायला लावली तर म्हणे ६. नानांनी बोटावर मोजली, भु-सा-व-ळ, चार. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीनं साठवतो त्यात, उकार वेगळा, काना वेगळा, प्रत्येकाचा सातबारा स्वतंत्र. त्यामुळे चोपडा पण च, चाळीसगाव पण च, जळगाव-जामनेर दोघं ज, भडगाव-भुसावळ दोघं भ.

शेवटी आरला जोडायचं स्ट्रिंगआर नावाचं पॅकेज टाकलं, त्याचं स्ट्र-स्प्लिट (हे वेगळं, मधे अंडरस्कोरवालं) काना-मात्रा अक्षराला चिकटवूनच ठेवतं. चो आला, चा आला, भु आला, मी खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होतो. आणि मग यादी खाली सरकवली. पाचोरा, पा. पारोळा, पा.

आता पूर्ण नावंच उभी करून टाकलीयेत. लास नावाचं एक सेटिंग असतं, त्याला २ दिले की लेबलं उभी राहतात, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.