खुलासा: गृहविम्यात मॉडेल रेल्वेची चोरी आपोआप येत नाही

नागपुरातल्या मॉडेल रेल्वेच्या शौकिनांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘घराचा विमा काढलाय ना? मग इंजिनं-डबे चोरीला गेले तरी पूर्ण पैसे मिळतात.’ हे खरं नाही.

एप्रिल २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही गृहविम्याची पॉलिसी मुळात आग, वादळ, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी. तिच्यात चोरी येते, पण अशी आपत्ती घडल्यापासून ७ दिवसांच्या आत आणि तिच्यामुळेच झालेली. धरमपेठेतल्या फ्लॅटला आग लागली आणि त्या गोंधळात कुणी इंजिन उचललं, तर दावा करता येईल. उन्हाळ्यात घर बंद असताना कुलूप फोडून नेलं, तर नाही. त्याला घरफोडीचं वेगळं संरक्षण लागतं.

आणि खरी मेख तिथेच आहे. घरफोडी म्हणजे बळजबरीनं शिरकाव. पॉलिसीतली ही अट सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये ग्राह्य धरली आहे. रविवारी घरात मांडलेली मॉडेल रेल्वे बघायला आलेल्या पाहुण्यानं १:८७ मापाचं (खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याएवढं) छोटं इंजिन खिशात घातलं (मावतं हो!), तर दार-खिडकी शाबूत असते. साध्या चोरीचं कलम जोडून घेतलेलं नसेल, तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

संग्रह साध्या घरसामानात धरलाय की ठरावीक किमतीच्या मौल्यवान वस्तूंत, हे कंपनीकडून लेखी घ्या. एजंटाचं ‘होऊन जाते ना भाऊ’ पुरत नाही. बिलं, मॉडेल क्रमांक आणि मूळ खोक्यासकट फोटो घराबाहेरही ठेवा.