तुटलेला धागा आणि न थांबणारा माग

आपण नवी प्रोग्रामिंग भाषा रचायला घेतली आहे, आणि फंक्शनचे (म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या संहितेच्या तुकड्याचे) नाव व त्याला लागणारी मूल्ये जिथे लिहितात त्याच मथळ्यात त्यातून उद्भवणारे अपवादही, म्हणजे काम चालू असताना येऊ शकणाऱ्या अडचणींचे इशारेही, लिहायला लावावेत की काय, या विचाराने आपली झोप उडाली आहे, असे समजले. खुशाल झोपावे. आमच्या सोलापुरात एखाद्या यंत्रमागवाल्याने चादरींच्या पावतीवर ‘सूत आले नाही तर, वीज गेली तर, रंग उतरला तर’ अशी यादी लिहून दिली, तर गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात जाते. मग एवढा सरळपणा आपणच का करावा?

सर्वांत सोज्वळ मार्ग अदा या प्रोग्रामिंग भाषेचा. 1983 च्या अदामध्ये अपवादांना नावे देता येतात, परंतु ते उपप्रोग्रामच्या (म्हणजे फंक्शनच्याच) मथळ्यात लिहिण्याची सोय नाही. ज्याला हौस असेल त्याने टिप्पणीत लिहावेत. टिप्पणी कंपायलर (संहितेचे यंत्राला कळेल असे रूपांतर करणारा प्रोग्राम) वाचत नाही आणि काही महिन्यांनी लिहिणाराही वाचत नाही, त्यामुळे भांडणाला जागाच उरत नाही.

थोडा दरारा हवा असेल, तर 1998 च्या सी प्लस प्लसचा कित्ता गिरवावा. तिथे मथळ्यात यादी देता येई, पण तिची खरी झडती प्रोग्राम चालू असताना होई आणि यादीबाहेरचा अपवाद निसटला की बहुधा प्रोग्रामच बंद पडे. उंदीर सापडला म्हणून घर पेटवण्याची ही रीत 2011 मध्ये नापसंत ठरली आणि 2017 मध्ये भाषेतून गेली. आपण तेवढ्याने खचू नये.

मात्र खरी कला जावाकडून शिकावी. तिथे कंपायलर यादी आधीच तपासतो, म्हणून तळाच्या फंक्शनने एक नवा अपवाद जोडला की तो अडवला जात नाही तोवर त्या फंक्शनला एकावर एक बोलावणाऱ्या वरच्या दहा फंक्शनांचे मथळे बदलावे लागतात. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी शहाणा ‘थ्रोज एक्सेप्शन’ एवढेच लिहितो, म्हणजे ‘काहीही होऊ शकते’; हे विधान अर्थातच खोटे ठरवता येत नाही. 2014 मध्ये जावात लॅम्डा (नाव नसलेली छोटी फंक्शने) आल्या, तेव्हा फाइल वाचणारे फंक्शन भाषेच्या ग्रंथालयाच्या, म्हणजे तयार संहितेच्या संग्रहाच्या, ठरीव साच्यांत बसेना, कारण त्या साच्यांच्या मथळ्यात असा अपवाद लिहिलेलाच नव्हता. त्याच आवृत्तीत फाइल वाचताना उद्भवणारा अपवाद गुंडाळून तपासणीबाहेर नेणारा नवा वर्गही (म्हणजे अपवादाचा नवा प्रकारही) मिळाला. घरधन्यानेच चोराला किल्ली दिल्यावर कुलूप किती मजबूत होते, हे कोण विचारतो? (सी शार्प या भाषेने हे कुलूप, म्हणजे यादीची तपासणी, लावलेच नाही. तेवढी हिंमत आपल्याकडे असेल, तर हा सल्ला आपल्यासाठी नाही.)

एवढ्यावरही कंपायलर कुरकुर करत राहिला, तर रिकामा ‘कॅच’, म्हणजे अपवाद पकडून काहीच न करणारा तुकडा, आहेच. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग थांबतो. ती थांबवणारी कळ काढून टाकली, तर खडखडाट अखंड राहतो, मालक समाधानी असतो आणि विरलेली चादर थेट गिऱ्हाइकाच्या अंगावर उलगडते. अहवालात ‘त्रुटी : 0’ असे निःसंकोच लिहावे, कारण त्रुटी मोजणाऱ्या फंक्शनच्या पोटातही कोणीतरी असाच एक रिकामा ‘कॅच’ ठेवलेला असतो.