साडूंचा बॉक्स सेट

साडूंनी घेतलेल्या वस्तूला नावं ठेवायची नसतात. सोफा असो, गाडी असो की घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, 'वा, मस्त' म्हणायचं आणि पोह्यांची बशी पुढे ओढायची. जावयांच्या जमातीने हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळलाय. पण विनायकरावांनी अमेरिकेहून 'डाय हार्ड' या हाणामारीच्या इंग्रजी सिनेमाच्या पाचही भागांचा ब्लू-रे बॉक्स सेट, म्हणजे तबकड्यांचं खोकं, आणला आणि सासूबाईंसकट सगळ्यांना रविवारी बोलावून मला सांगितलं, "तुम्हाला यातलं कळतं. क्वालिटी कशी आहे, तेवढं प्रामाणिकपणे सांगा."

'प्रामाणिकपणे' हा शब्द आला की समजावं, खोटं बोलायची वेळ आली.

परीक्षा खोक्यापासूनच सुरू झाली. पुठ्ठ्याच्या जाड पानांना खाचा आणि त्या खाचांत तबकड्या. खाच इतकी घट्ट की तबकडी चिमटीत धरून ओढावी लागते, आणि ओढताना जो खर्रर्र आवाज येतो तो माझ्या थेट दाढेत जातो. खालच्या बाजूला तीन ओरखडे तिथेच दिसले. विनायकराव कौतुकाने म्हणाले, "फिटिंग बघा कसं टाइट आहे!" मी 'हं' म्हटलं. 'हं' हा साडूंशी बोलायचा सर्वांत सुरक्षित शब्द.

पहिला भाग लावला. १९८८ चा सिनेमा, जॉन मॅक्टिअर्ननचं दिग्दर्शन, लॉस एंजेलिसमधली ती उंच काचेची इमारत. ही इमारत म्हणजे सिनेमा काढणाऱ्या फॉक्स स्टुडिओचंच नवं कोरं ऑफिस, बांधकाम पुरतं संपलंही नव्हतं तेव्हा तिथे शूटिंग झालं, हे मी सांगायला गेलो. पण माझी वाचा बसली. पडद्यावरचा ब्रूस विलिस संध्याकाळी साडेसातच्या मालिकेतल्या धाकट्या दिरासारखा चालत होता. लोण्यावरून घसरल्यासारखा गुळगुळीत.

दोष तबकडीचा नव्हता, टीव्हीचा होता. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात. हे नवे टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने आणखी चित्रं घुसवतात. क्रिकेटला ते बरं दिसतं, सिनेमाची मात्र मालिका होते. २०१८ च्या डिसेंबरात खुद्द टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं, बाबांनो, घरच्या टीव्हीवर ही सोय बंद करून सिनेमा बघा. विमानाला लटकणारा माणूस हो तो, पण त्यालाही या बटणाची धास्ती! मी रिमोटकडे हात नेला. विनायकराव म्हणाले, "राहू दे, राहू दे. त्याचेच जास्तीचे पैसे दिलेत."

त्यात चित्राच्या कडा कापलेल्या. पहिले चारही भाग लांबट चौकटीचे आहेत. नीट दाखवले तर टीव्हीचा जवळपास चौथा हिस्सा वर-खाली काळा राहतो. "पंच्याहत्तर इंची घेतला तो काळ्या पट्ट्या बघायला?" असं म्हणून त्यांनी झूम केलं होतं. त्यामुळे गोळी झाडणारा दिसायचा, ती ज्याला लागायची तो टीव्हीच्या बाहेर कुठेतरी मरायचा.

मग ग्रेनचा मुद्दा निघाला. जुन्या फिल्मवर बारीक दाणे असतात, तेच चित्राचं अंग. पण ते गिऱ्हाइकाला घाण वाटतात म्हणून काही कंपन्या पुसून काढतात, आणि दाण्यांबरोबर सुरकुत्या, दाढीचे खुंट, घाम सगळंच पुसलं जातं. मॅक्टिअर्ननच्याच १९८७ च्या 'प्रिडेटर'ची २०१० साली जी ब्लू-रे निघाली, तिच्यातला श्वार्झनेगर लोणावळ्याच्या मेणाच्या संग्रहालयातून उठून जंगलात आल्यासारखा दिसतो. त्या मानाने विनायकरावांचा सेट सोवळा होता. दाणे जागच्या जागी होते. मी मनापासून म्हटलं, "ग्रेन छान आहे." त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे खराब आहे? बदलून मिळेल का हो?"

हवा जाण्याच्या नळीत ब्रूस विलिस लायटर पेटवून सरपटतो, तो प्रसंग म्हणजे आम्हा चिकित्सकांची बोर्डाची परीक्षा. वाईट प्रतीत तिथल्या अंधाराचे करडे चौकोन पडतात. मी टीव्हीपासून वीतभर अंतरावर जाऊन चौकोन शोधू लागलो. मागून बायको म्हणाली, "अहो, बाजूला व्हा. त्या माणसाचं काय झालं ते बघू द्या."

आवाजाबद्दल काय लिहू? पाच स्पीकरपैकी दोन अजून खोक्यात होते आणि एक देवघरामागे. गच्चीवरचं हेलिकॉप्टर गणपतीच्या मागून आलं तेव्हा सासूबाईंनी दचकून हात जोडले.

जेवणानंतर विनायकरावांनी तुलनेसाठी पाचवा भाग, २०१३ चा, थोडा लावला. मालिकेतला सर्वांत फुसका भाग. पण त्याची चौकट टीव्हीच्या मापाला जवळपास बसते, म्हणून झूमची कात्री लागली नाही. माणसं कडेपर्यंत अख्खी दिसली. "हा खरा क्वालिटीचा!" विनायकराव म्हणाले. "पहिला जरा गंडलाय. नाही?"

पोह्यांना आणि जेवणाला जागून मी पुन्हा 'हं' म्हटलं.

सासूबाईंच्या मनात मात्र दुसरंच होतं. "जावईबापू, तो पोरगा अख्खा वेळ अनवाणी पळाला, काचांवरनंसुद्धा. एवढ्या इमारतीत कुणाचे बूट मिळू नयेत?"

"मिळाले होते की," मी म्हटलं. निदान या प्रश्नाचं उत्तर मला प्रामाणिकपणे देता येत होतं. "पहिल्या मेलेल्या गुंडाचे काढून बघितले त्याने. पण लहान पडले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मेलेल्याचं पायात घालू नये. विनायकराव, दुसरा लावा आता."