अर्ध्या ताटावरून उठवले

गेल्या शनिवारी रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी, जळगावबाहेर महामार्गालगतच्या एका लॉन्सवर, टेक्नोच्या, म्हणजे यंत्रांवरच्या अखंड ठोक्याच्या संगीताच्या कार्यक्रमात नाचताना माझा उजवा पाय हवेत असताना संगीत बंद पडले. वेळ मला नेमकी माहीत आहे, कारण पाय खाली आल्यावर मी पहिल्यांदा मनगटावरच्या घड्याळाकडेच पाहिले. मला वाटले जनरेटर गेला. माझ्या शेजारी नाचणाऱ्या, चोपड्याहून आलेल्या मुलीला वाटले शॉर्टसर्किट झाले. प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नव्हते. प्रमुख पाहुणे आले होते आणि त्यांचा सत्कार करायचा होता.

ज्यांनी त्या क्षणाचा घास कधी घेतलेला नाही त्यांना माझा संताप अतिरेकी वाटेल, तर वाटू दे. संगीत वाजवायला पुण्याहून आलेल्या मुलाने आठ वाजून वीस मिनिटांनी आपला सेट, म्हणजे एकात एक मिसळत नेलेल्या ट्रॅकची सलग मैफल, सुरू केला तेव्हा लॉन्सवर पंधरा माणसेही नाचत नव्हती. त्याने घाई केली नाही. मिनिटाला एकशे बावीस ठोक्यांपासून तो सुरू झाला आणि कोणाच्या लक्षातही येऊ न देता एकशे तीसपर्यंत चढत गेला. एका ट्रॅकचा बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, काढून दुसऱ्याचा आत सोडायचा, तोही बत्तीस ठोक्यांचे आवर्तन पूर्ण होईल तेव्हाच, अशा शिस्तीने त्याने पाऊण तास बांधून काढला आणि कडेला हाताची घडी घालून उभी असलेली माणसे एकेक करून आत ओढली. नऊच्या सुमारास आम्ही दीडशे तरी जण एका लयीत होतो. मग त्याने किक, म्हणजे तळातला ढोलासारखा ठोका, काढून घेतली. पायाखालची जमीन काढून घ्यावी तशी ती जाते. वर फक्त एक लांबलेला सूर आणि हळूहळू वर सरकणारा आवाजाचा झोत उरतो. शरीर मात्र आपल्या हिशेबाने ठोके मोजत राहते, कारण किक परत येणार हे त्याला ठाऊक असते. ती परत येण्याच्या आधीच्या शेवटच्या चार ठोक्यांवर कुणीतरी मागून येऊन मिक्सरचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, खाली ओढला. त्या मुलाच्या एका कानावर हेडफोन होता आणि त्याला दोन सेकंद काही कळलेच नाही. तो एकटाच मान हलवत राहिला. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

पंगतीत बसलेल्या माणसाला अर्ध्या ताटावरून उठवू नये, हे आमच्या घरात लहान मुलांनाही शिकवतात. त्या रात्री दीडशे माणसांना तोंडाजवळ नेलेल्या घासासकट उठवले गेले आणि उठवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर संकोचाची एक रेघ नव्हती.

त्यानंतर काय झाले ते मी मिनिटांसकट सांगते. दीपप्रज्वलन झाले, वाऱ्यामुळे समई तीन वेळा विझली आणि तीन वेळा लावली. शाल, श्रीफळ आणि काचेचे सन्मानचिन्ह देऊन प्रमुख पाहुण्यांचा सत्कार झाला. मग त्यांच्यासोबत आलेल्या चौघांचा झाला. मग जागा देणाऱ्यांचा, मंडपवाल्यांचा, पाण्याच्या जारवाल्यांचा. पाहुण्यांनी तरुणाईने व्यायाम करावा आणि आईवडिलांची सेवा करावी या विषयावर अकरा मिनिटे भाषण केले. शेवटी त्या वादकालाही व्यासपीठावर बोलावून शाल पांघरली. ज्याचे काम मधोमध तोडले त्याच्याच खांद्यावर शाल टाकून फोटो काढला. नारळ कुठे ठेवावा हे न कळून त्याने तो कन्सोलवर, मिक्सरला टेकवून ठेवला. घड्याळात नऊ तेहतीस झाले होते. अठ्ठावीस मिनिटे गेली.

मी आयोजकांकडे गेले. आवाज चढवला नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. ते म्हणाले, "ताई, पाच मिनिटांचा कार्यक्रम होता, पाहुणे लांबून आले, थोडे सांभाळून घ्या." मी म्हणाले, भाऊ, मी धुळ्याहून आले, नव्वद किलोमीटर गाडी चालवून आले, आठशे रुपयांचे तिकीट काढून आले, आणि माझ्यासाठी पाच मिनिटे तुम्ही कशी मोजता ते आताच पाहिले. त्यावर ते म्हणाले, "गाणे परत सुरू होईल ना, ताई." गाणे परत सुरू होईल! एवढ्या एका वाक्यात सगळे अज्ञान सामावले आहे. पाऊण तास चुलीवर शिजत आणलेली गोष्ट उतरवून ठेवून अर्ध्या तासाने बटण दाबले की तिथूनच शिजायला लागते, असे यांना खरोखर वाटते.

आणि परत सुरू होऊन होणार काय होते? दहा वाजता बंद करायचेच होते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि त्या नियमाशी माझे अजिबात भांडण नाही. शेजारच्या वस्तीत आजारी माणसे असतात, परीक्षेला बसलेली मुले असतात. मर्यादा माहीत असल्यामुळेच एकेक मिनिट जपायला हवे होते. सातची वेळ छापून सव्वाआठपर्यंत ध्वनितपासणी करत बसलात, दहाची अट ठाऊक असताना नऊ वाजता समई पेटवलीत, तर मग जाहिरातीत 'टेक्नो नाईट' कशासाठी लिहिले? 'सत्कार समारंभ, मध्यंतरात संगीत' असे लिहिले असते तर मी घरी भाकरी खाऊन झोपले असते.

दुसरी गोष्ट सोफ्यांची. लॉन्सवर लग्नात जशी पुढे सोफ्यांची रांग असते, तशी इथेही होती. वादकाच्या समोरची, आवाज सर्वांत नीट जुळतो ती पंधरा फूट जागा पाहुण्यांच्या सोफ्यांनी अडवली होती आणि त्यावर बसलेल्या माणसांपैकी एकानेही रात्रभरात पाय हलवला नाही. नाचणारे सोफ्यांच्या मागे. हिरव्या कार्पेटखाली गवत आणि गवताखाली उंचसखल माती, त्यात माझा घोटा दोनदा मुरगळला. सोफ्यांवरच्या लोकांनी मागे वळून आमच्याकडे मोबाइल धरले होते, हे वेगळेच. मी डोळे मिटून नाचते. डोळे उघडले तेव्हा एका अनोळखी माणसाच्या मोबाइलचा दिवा माझ्या तोंडावर होता. बंद करा म्हटल्यावर तो हसला. बाई एकटी नाचते म्हणजे ती बघायला ठेवलेली वस्तू आहे, हा समज घेऊनच आमच्याकडचे कितीतरी पुरुष अशा ठिकाणी येतात, आणि दारावर पिशव्या तपासून माझी पाण्याची बाटली काढून घेणाऱ्या त्या चार सुरक्षारक्षकांपैकी एकालाही हे थांबवणे आपले काम वाटत नाही. बर्लिनच्या कित्येक क्लबांत दारावरच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. चिकटपट्टीला किती पैसे पडतात?

मुळात आमच्याकडे 'डीजे' हा शब्दच माणसासाठी उरलेला नाही. खानदेशात डीजे म्हणजे आयशरवर रचलेली कर्ण्यांची भिंत. "हळदीला डीजे सांगितला का?" असे विचारतात तेव्हा कोण वाजवणार हा प्रश्न कुणाच्या मनातही नसतो, खालच्या आवाजाचे किती बेस कर्णे, वरच्या आवाजाचे किती टॉप, एवढेच विचारतात. ती भिंत ॲम्प्लिफायरच्या ताकदीपलीकडे रेटून वाजवतात, त्यामुळे खालचा ठोका फाटतो, वरचा आवाज सुरीसारखा कानात घुसतो आणि दोन दिवस कानात शिट्टी वाजत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली, ती नाच संपवण्यासाठी सुचवलेली नाही. कान शाबूत राहिले तरच माणूस पन्नाशीतही नाचेल म्हणून सुचवली. चांगल्या बांधणीचा बेस छातीत उतरतो आणि तरीही शेजारच्या माणसाशी बोलता येते. हे मी पुण्यात पाच वर्षे नोकरी करताना अनुभवले आहे. इकडे परतून जिनिंगच्या कचेरीत हिशेब लिहायला लागल्यापासून त्यासाठी मला दर वेळी पुण्याची रात्रीची बस धरावी लागते.

आणि वर्तमानपत्रे! कुठल्याही फार्महाउसवर पोलिसांची धाड पडली की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: 'रेव्ह पार्टी उधळली'. तिथे लॅपटॉपवर चित्रपटातली गाणी लागलेली असोत की नुसती दारू चाललेली असो, शब्द तोच. त्या एका शब्दामुळे मी कुठे जाते हे माझ्या आईला सांगताना आजही मलाच चोरट्यासारखे वाटते. शनिवारी निघताना तिने विचारलेच, "इतली रातले कथा जाई ऱ्हायनी व माय?" मी म्हणाले, नाचायला. ती काही बोलली नाही, पण दार लावताना कडीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला.

आमचे एक काका म्हणतात की रात्र रात्र नाचणे आपल्या संस्कृतीत नाही. त्यांनी एकदा होळीला अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावी जावे. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले, मोरपिसांचे टोप घातलेले आदिवासी बांधव तिथे मोठ्या ढोलांवर रात्रभर फेर धरतात आणि होळी पेटते ती पहाटे. मी ते पाहिले आहे. एकच ठोका, तासन्‌तास, आणि त्या ठोक्याला धरून एक झालेली हजारो पावले. तिथे पहाटे तीन वाजता कुणी ढोल थांबवून शाल वाटत नाही. हे संगीत परदेशी यंत्रांचे आहे असेही काका म्हणतात. यंत्रे जपानी आहेत, हे खरे. पण चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी मुंबईत त्याच यंत्रांवर, ठोक्याच्या टीआर-८०८ आणि बेसच्या टीबी-३०३ वर, दहा राग वाजवून त्यांची तबकडी १९८२ साली काढली होती. शिकागोतून ॲसिड हाउसची, म्हणजे याच यंत्रांवरच्या नाचाच्या संगीताच्या एका प्रकाराची, पहिली तबकडी यायला तेव्हा पाच वर्षे होती. सिंग यांची तबकडी त्या काळी खपली नाही, आणि ती नव्याने ऐकायला जगाला जवळजवळ तीन दशके लागली. ऐकायच्या वेळी न ऐकण्याची आपली सवय जुनी आहे.

शिकागोचे नाव निघालेच आहे तर हेही लिहिते. तिथल्या वेअरहाउस नावाच्या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स वाजवत असत आणि त्या क्लबावरूनच या संगीताच्या एका प्रकाराला हाउस हे नाव पडले. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, त्यातले अनेक समलिंगी. बाहेरच्या शहरात ज्यांना जागा नव्हती ती माणसे रात्रभर त्या फरशीवर निर्धास्त असत. या संगीताचा जन्मच नाचणाऱ्यासाठी झाला आहे. वाजवणारा अंधारात, नाचणारे मधोमध. ब्रिटिश सरकारला या नाचाची एवढी धास्ती वाटली की त्यांनी १९९४ च्या कायद्यात 'एकामागून एक येणारे पुनरावृत्त ठोके' अशी व्याख्या घालून मोकळ्या माळावरचे रेव्ह मोडून काढले. त्या कायद्याला निदान एवढे कळले होते की मुद्दा ठोका अखंड चालण्याचा आहे. आमच्याकडे बंदीची गरजच पडत नाही. परवानगी असते, पोलिसांचा कागद असतो, तिकीट असते, रोषणाई असते, आणि ठोका तेवढा अखंड राहू देत नाहीत.

नऊ तेहतीसला त्या मुलाने पुन्हा सुरुवात केली. त्याने मधला ट्रॅक तिथूनच उचलला नाही, उचलता आलाच नसता. शहाणा होता, त्याने पुन्हा खालून, एकशे बावीसवरून, बांधायला घेतले. चार मिनिटे झाली नाहीत तोच निवेदकाने माइक घेतला. "जळगावकर, आवाज कुठे आहे? हात वर! अजून वर!" दर सोळा ठोक्यांनी हेच. मी हात वर केले नाहीत. नाचताना माझे हात कुठे असावेत हे मला सांगण्याचा अधिकार निवेदकाला कुणी दिला? ज्याला माइकवर ओरडल्याशिवाय करमत नाही त्याने लिलाव पुकारावेत. मग पावणेदहाला सोफ्यावरून फर्माईश आली की पाहुण्यांना नाचायचे आहे, लग्नातले काहीतरी लावा. त्या मुलाने मान हलवून नाही म्हटले. त्याच्याविषयी माझ्या मनात त्या क्षणी जो आदर दाटून आला तो शब्दांत मांडता येत नाही. मग आयोजकांनी स्वतः दुसऱ्या लॅपटॉपची वायर मिक्सरमध्ये खोचली.

शेवटची पंधरा मिनिटे वरातीची गाणी वाजली. पाहुणे मधे, भोवती मोबाइल धरलेली दहा माणसे. तो मुलगा कन्सोलमागे वायरी गुंडाळत होता, शाल खांद्यावरून घसरून खाली पडली होती. मी आणि चोपड्याची मुलगी, आम्ही दोघी कडेला जाऊन उभ्या राहिलो आणि निघण्यापूर्वी त्याला जाऊन सांगितले की तुझी पाऊण तासाची बांधणी आम्हाला कळली. तो म्हणाला, "थांबवले त्यानंतर चार ठोक्यांनी मी सगळा बेस एकदम सोडणार होतो." ते ऐकून मला रडू आले.

पारोळ्यापर्यंत मी गाडीत काहीही लावले नाही.

सोमवारी आयोजकांचा संदेश आला: पुढचा कार्यक्रम दोन महिन्यांनी, लवकर नोंदणी करणाऱ्यांना शंभर रुपये सवलत. मी एकच प्रश्न विचारला, की सत्कार किती वाजता आहे, कारण सुरुवातीलाच असेल तर मी तो आटोपल्यावर येईन. पाच मिनिटांत उत्तर आले: "ताई, सुरुवातीला नाही ठेवत, तेव्हा लोक नसतात. मधेच ठेवू, सगळे रंगात आले की."