बायका घरी बसलेल्या नाहीत

कोकणातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘आपल्या बायका घरी बसतात म्हणून देश मागे आहे. त्या कामाला लागल्या की जीडीपी आपोआप 27 टक्क्यांनी वाढेल.’

घरी कोण बसतंय? 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला गेले, तेव्हा लावणी, गुरं, म्हातारी माणसं यांचं कोणी केलं? हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेऊन ती गावोगाव विकते कोण? काजू कारखान्यात किलोवर मजुरी घेऊन दिवसभर गर सोलते कोण? शिवाय स्वयंपाक, पाणी, आजारपण आहेच, आणि ते जीडीपीत धरतच नाहीत. 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची 289 मिनिटं गेलेली निघाली, ते करणाऱ्या पुरुषांची 88.

27 टक्क्यांचा आकडा खोटा नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तेव्हाच्या प्रमुख क्रिस्तीन लगार्द यांनी तो 2018मध्ये मांडला होता. पण स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण, पुरुषांइतका झाला तर, असा तो अंदाज आहे. ‘आपोआप’ हा शब्द मजकूर लिहिणाऱ्याने घातला.

खरी गफलत पुढे आहे. सहभाग वाढला की पैसा येतो, हे गृहीतच चुकीचं. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणात 15 वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग 2017-18मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24मध्ये 41.7 झाला. एवढी मोठी उडी! पण त्याच काळात कामकरी स्त्रियांमध्ये नियमित पगारावर असणाऱ्यांचं प्रमाण 21 वरून 15.9 टक्क्यांवर घसरलं, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या 31.7 वरून 36.7 टक्क्यांवर गेल्या. म्हणजे बाई मोजली गेली, तिच्या हातात दमडी आली नाही. नवऱ्याच्या आंबा बागेत पेट्या भरणारी आता ‘कामकरी’ ठरते, पेटीचे पैसे मात्र नवऱ्याच्या खात्यात जमा होतात.

म्हणून बायकांना ‘घराबाहेर पडा’ सांगणाऱ्यांनी आधी सातबारा काढून बघावा. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर सामाईक नावांची रांग असते, त्यातले निम्मे मुंबईत. बाग राखणाऱ्या सुनेचं नाव त्यात नसेल, तर पीककर्ज मागायला ती कोणत्या कागदावर जाणार?